बेचाळीस

जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी
हाडं नावानिशी शोधत येते.
आधी क्लॅव्हिकल, मग स्कॅप्युला,
मग मनगटातली ती बारकी आठ,
जी मला पहिल्या महिन्यातच पाठ झाली.
दोन स्वेटर, वर अ‍ॅप्रन.
यंदा जास्तच आहे ना, मी म्हणते.
सगळे म्हणतात, हो ना.

आईचा फोन शिवपुरीहून, नऊला.
"जेवलीस?"
"हो."
"काय होतं?"
इथे मी फार हुशार आहे.
येता येता मेसचा फळा वाचून ठेवलेला असतो:
आलू-मेथी, तूरडाळ, गुरुवार म्हणून खीर.
मी चवीसकट सांगते. डाळ खारट झाली होती, सांगते.
ती निश्चिंत होऊन
बाबांच्या गुडघ्याकडे वळते.

पुस्तकात माझं पान आहे.
उपाशी देह आधी काय मोडून खातो, मग काय,
यकृतातला साठा, चरबी, मग स्नायू,
आणि हृदय म्हणजे तरी काय, स्नायूच.
या प्रश्नाला मला दहापैकी नऊ पडले.
लिहिताना हातावर नवी लव उभी होती,
तान्ह्या बाळाला असते तसली.
तिचंही नाव मला येत होतं.

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला जोड्या लावल्या.
माझा हात जगदीश कुशवाहाच्या वाट्याला.
भिंडचा मुलगा, व्हायवात ततपप,
बोटं मात्र जाड, गरम.
पूर्ण मिनिट मोजलं. वहीत लिहिलं नाही.
पुन्हा मोजलं.
"मैडम, मुझसे गलती हो रही है.
बयालीस आ रहा है."
मॅडम वहीतून मान न काढता म्हणाल्या, ठीक से पकड़ो.
त्यानं ठीक से पकडलं.
तिसऱ्यांदाही बयालीस.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि बहात्तर लिहिलं,
सगळ्यांचं होतं तसं.

थँक्यू, म्हणाले मी.
तो शब्द दिवसभर घशात बसून राहिला.

होस्टेलच्या मागच्या गल्लीत रात्री गजक कुटतात.
तीन माणसं, लाकडी हातोडे,
तीळगुळाच्या गरम गोळ्यावर आळीपाळीनं.
मी मनगट धरून पडते. त्यांचे ठोके, माझे ठोके.
ते पुढे निघून जातात. दर वेळी.
मधेच थांबले. बिडी पेटवली असणार.
आणि तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली,
की आता या अख्ख्या गल्लीत
माझं एकटीचंच चालू आहे,
आणि तेही किती सावकाश.

सकाळी तो कँटीनबाहेर उभा.
"मैंने झूठ लिखा. रात भर नींद नहीं आई."
हातात ओपीडीची चिठ्ठी, रांगेत उभं राहून काढलेली.
त्यावर मृण्मयीचं मिरनमई,
उम्र उन्नीस,
खोली नंबर कोपऱ्यातल्या त्या दाराचा,
जिथून आम्ही नेहमी भरभर पुढे जातो.

अ‍ॅप्रन काढून बॅगेत कोंबला.
बाकावर शेजारी मुरैनाची एक बाई.
सून सहा महिने झोपलेली नाही म्हणे.
सून भिंतीकडे बघत होती.
बाईनं पदराची गाठ सोडली,
"ले बेटी, नंबर में टैम लगेगो."
गजक.
मी तुकडा घेतला. मापला,
लांबी, जाडी, वरचे तीळ. सवय.
तोंडात नाही घातला. मुठीत धरून बसले.
किती वेळ, माहीत नाही.
सीनियर दोघे समोरून गेले, एकानं ओळखलं.
मूठ उघडली तर गूळ पाघळलेला.
म्हणजे तळहातात
तेवढी ऊब होती अजून.
बोटं चाटली.
एवढंच. बोटं.

नंबर दीड वाजता आला.
आतलं इथे लिहीत नाही.

नऊला फोन.
"जेवलीस?"
फळा मी वाचलेला होता. भेंडी होती.
"नाही," म्हटलं.

पलीकडे टीव्ही चालू होता.
कुणीतरी तो बंद केला.